पंखावरची मिरची

सासऱ्यांनी तीस वर्षं हवाई दलात विमानांची देखभाल केली, पण घरात त्याबद्दल तीस वाक्यंही बोलले नसतील. मी लग्न होऊन कळसाडीला आले तेव्हा माझ्या सामानात लढाऊ विमानांची दोन मॉडेलं होती, मीच जोडून रंगवलेली. त्यांनी एक उचललं, उलटं करून पोट बघितलं, "खेळनं शे," म्हणाले आणि जागेवर ठेवून दिलं. मला ते झोंबलं. सहा वर्षांनंतरही झोंबत होतं. मी मनाला लावून घेणाऱ्यांतली आहे.

म्हणून त्यांच्या सत्तरीला त्यांचंच विमान द्यायचं ठरवलं. सुखोई. नोकरीतली शेवटची वर्षं त्यांनी त्यावर काढली होती. शहाद्याच्या बँकेतून घरी आलं की तासभर मी, कानस आणि चिमटा. तीन महिने लागले. त्यांनी एकदा, फक्त एकदा, बरोबर आहे म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

रविवारी सत्तरी. शुक्रवारी रजा टाकून मी वार्निशचा शेवटचा हात मारला आणि विमान गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत वाळत ठेवलं. गच्चीभर सासूबाईंच्या वर्षाच्या तिखटाच्या मिरच्या पसरल्या होत्या. दुपारी सासूबाई दाताळ्याने मिरच्या उलथतात, तेव्हा लाल भुकटी उडते, म्हणून त्या दिवसांत आम्ही गच्चीवर ओला रुमालही घालत नाही. हे सगळं ठाऊक असून मी खाली चहा प्यायला गेले.

परत आले तर राखाडी पंखावर लाल ठिपके, वार्निशात पक्के रुतलेले. मी सासूबाईंवर डाफरले. त्यांनी हातातलं दाताळं खाली ठेवलं. "मन्ह्या मिरच्या आठे धा दिनपासून शेतस," त्या म्हणाल्या, "तुन्हं इमान आज उनं."

त्यांचं खरं होतं, विमानच नंतर आलं होतं, त्यामुळे मी आणखीच चिडले. अंगठ्याने ठिपके पुसायला गेले, वार्निश फरफटलं, आणि त्याच हाताने मी डोळे पुसले. मग जिन्यात बसून रडले. त्यातलं मिरचीचं किती आणि माझं किती, कोण जाणे.

सासरे वर आले. आधी माझ्या हातावर तांब्याने पाणी घातलं, डोळे धुवायला लावले. मग टाकीपाशी जाऊन वाकून पंख बघत राहिले. आता ते खेळणं म्हणणार, म्हणून मी जीव मुठीत धरून उभी.

"हात लाऊ नको," ते म्हणाले. "वाळू दे. सकाय पाहू."

शनिवारी सकाळी ते चष्मा लावून माझ्या टेबलाशी बसले. एकेक ठिपका सुईने उचकटून शेजारच्या कागदावर ठेवत गेले. फरफटलेली जागा साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बारीक पॉलिशपेपरने इतकी हळू घासली की खालचा रंग हललाही नाही. काम करता करता पहिल्यांदाच सांगू लागले: विमान जमिनीवर असतं तेव्हा सुरक्षेसाठी त्याला लावलेल्या खिळी-टोपणांना लाल फिती बांधलेल्या असतात. उडायच्या आधी त्या खिळी-टोपणांसकट सगळ्या काढायच्या, मोजायच्या, आणि समोर उभं राहून पायलटला हात वर करून दाखवायच्या, त्याची खूण येईपर्यंत. एक जरी राहिली तरी माणूस जायचा.

"मी कधी चुकनू नही," ते म्हणाले. सहा वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेली ही पहिली गोष्ट.

अकरा ठिपके निघाले. त्यांनी मोजले, मग मला मोजायला लावले. मग विमान उलटं करून पोट बघितलं. चाकांची झाकणं, पंखाखालचे आकडे, सगळ्यावरून बोट फिरवलं.

विमान त्यांनी टेबलावर माझ्याकडे शेपटी करून ठेवलं आणि स्वतः त्याच्या नाकासमोर, दोन पावलं मागे जाऊन, ताठ उभे राहिले. मग मिरचीचे अकरा कण तळहातावर घेऊन त्यांनी हात वर करून माझ्यापुढे धरला आणि माझ्या खुणेची वाट बघत थांबले.

मी अंगठा वर केला.