नवी गाडी घ्यायची नाही असं ठरलं तेव्हा

क्लच गेला तेव्हा गाडीत आम्ही सहा जण होतो. गाडी पाच जणांची. पुढे माझ्या शेजारी आत्या, म्हणजे आमच्या शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई. अख्खं गाव त्यांना आत्याच म्हणतं. मागे कॉलेजच्या दोन मुली, एक निवृत्त गुरुजी आणि दारात अंग चोरून बसलेला, पायांत दुधाची किटली घेतलेला एक गाववाला.

हिर्डोशीहून भोरला जाताना रस्ता धरणाच्या कडेकडेनं वरखाली होत जातो. तसल्याच एका चढावर मी गिअर बदलला, इंजिन ओरडलं आणि गाडी जागची हलेना. मग जळका वास आला. मी हँडब्रेक ओढला आणि म्हणाले, "उतरा सगळे."

कुणी कुरकुर केली नाही. किटलीवाल्यानं चाकामागे दगड लावला. सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि माझ्याकडे बघायला लागले. गाडीकडे नाही, माझ्याकडे.

"आता गं पोरी?" आत्यांनी विचारलं.

"मला काय माहीत," मी म्हणाले. इतकं तुटक मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

थोड्या वेळानं एक टेम्पो आला. त्यात ते पाचही जण चढून गेले. मी कापूरहोळच्या मेकॅनिकला फोन केला, भोरच्या ऑफिसात रजा कळवली आणि काचा वर करून गाडीत बसून राहिले. बाहेर गणपतीनंतरचा बारीक पाऊस होता. वरंधा घाट बंद, त्यामुळे कोकणातनं येणारं वाहनही नव्हतं. काचांवर वाफ धरली. गाडीत कुणी बोलत नव्हतं, कुणी आरसा वळवून केस बघत नव्हतं, कुणी 'जरा दवाखान्यापाशी सोडा' म्हणत नव्हतं. मला काळजी वाटायला हवी होती. मला बरं वाटत होतं. टोचन करून न्यायला मेकॅनिकचा माणूस आला तेव्हा मी गाढ झोपले होते आणि त्याला काच वाजवावी लागली.

ही गाडी आम्ही जुनीच घेतली होती, सासूबाईंसाठी. त्यांना लकवा झाला तेव्हा आठवड्यातून दोनदा भोरला व्यायामासाठी न्यावं लागायचं, आणि एरवीही मी ऑफिस सुटल्यावर एसटीची वाट बघत बसले तर घरी पोचायला अंधार व्हायचा. तोवर माझे यजमान एकटेच शेत आणि आईचं अंथरूण दोन्हीकडे धावायचे. ते गाडी चालवायला तयार होईनात. ट्रॅफिकची भीती वाटते म्हणाले. मग चाळिशी ओलांडलेली मी भोरच्या मैदानावर शिकले. पहिल्या महिन्यात एका कुंपणाचे दोन खांब पाडले. पण नंतर जमलं, आणि खोटं कशाला सांगू, आवडलंही. सासूबाई पुढच्या सीटवर उशी लावून बसायच्या आणि पाण्याकडे बघत राहायच्या. बोलता यायचं नाही, पण एखाद्या वळणावर चांगला हात उचलून दाखवायच्या की बगळे बघ.

त्या गेल्या. दिवसकार्य झाल्यावर पहिल्यांदा ऑफिसला निघाले तर आत्या रस्त्यावर उभ्या होत्या. "बीपीच्या गोळ्या आणायच्यात, येऊ का?" रिकामी सीट बघून मला रडू आलं होतं, त्यात त्या बसल्या म्हणून आधारच वाटला. मग आत्यांच्या मागे गुरुजी आले, मुली आल्या, किटली आली. तांदळाची पोती, सुईणीकडे चाललेली पोटुशी, लग्नाची भांडी, एकदा पोतडीत कोंबडे. मी कुणाला नाही म्हटलं नाही. नाही म्हणण्यासारखं तरी काय होतं, मी त्याच वाटेनं जाणार होते आणि सकाळी सोयीची एसटी नव्हती.

गाडी गॅरेजात असताना मी एसटीनं जायला लागले. एसटी आमच्या गावापर्यंत येत नव्हती, खालच्या फाट्यावरूनच वळायची. तिथवर चालत जायचं. माझ्या पुढे-मागे तीच मंडळी असायची, गुरुजी काठी टेकत, मुली मोबाईलमध्ये बघत. रोज कुणीतरी विचारायचं, "गाडी कवा येतीया?" आणि मी म्हणायचे, "बघू."

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी कंडक्टरनं मला ओळखलं. "मॅडम, तुमी हितं? गाडी?"

"बंद पडलीय. ही बस आधी वर गावात यायची ना सकाळी?"

"यायची की." तो तिकीट काढता काढता बोलत होता. "पर वर कोण बसायचंच न्हाई. रिकामी चढवायची आन् रिकामी उतरवायची. तुमच्या गाडीत पाच, बाकीच्यांनी मोटारसायकली घेतल्या. मग हितनंच वळवायला लागलो."

तो टोमणा मारत नव्हता. सुट्टे पैसे परत देऊन पुढच्या सीटकडे गेला. मी खिडकीबाहेर बघत बसले. एसटी नाही म्हणून मी लोकांना नेत होते, आणि मी नेत होते म्हणून एसटी नव्हती. इतकी वर्षं. मला राग आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. भोर स्टँडवर उतरताना आत्यांनी माझा हात धरला, पायरी उंच होती म्हणून. मी त्यांना उतरवलं आणि कचेरीकडे चालू लागले.

शनिवारी अर्ध्या दिवसानं मी कापूरहोळला गेले. मेकॅनिकनं नवा क्लच टाकला होता.

"चालंल आता," तो म्हणाला. "पर मागचे शॉकअप पार बसलेत. ते केलं की दुसरं निघंल. पासिंग बी संपत आलंय. माझं ऐकाल तर काढून टाका. हायवेला माझा मेव्हणा जुन्या गाड्या इकतो, त्याच्याकडं सात सीटर आलीया. तुमाला तीच बरी. तुमच्या गाडीत निम्मं गाव असतंय."

आम्ही जाऊन बघितली. करड्या रंगाची, धुऊन पुसून ठेवलेली. मेव्हण्यानं मागची सीट उघडून दाखवली, पाय ठेवायला किती जागा आहे ते दाखवलं. मी पुढे बसले आणि आरशात बघितलं. मागे सीटांच्या दोन रांगा होत्या, एकामागे एक. मी उतरले आणि म्हणाले, "घरी विचारते."

भोरकडे वळायच्या ऐवजी मी माझी जुनी गाडी घेऊन हायवेला लागले आणि नसरापूरवरून वेल्ह्याला गेले. माझं माहेर तिकडे. ठरवून काही केलं नाही. गाडी रिकामी होती आणि बरी चालत होती, एवढंच. तोरणा ढगात होता. भातं पोटऱ्यांवर आली होती.

आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मला बघून तिनं माझ्या मागे बघितलं.

"एकटीच? जावई न्हाई आलं?"

"नाही. सहजच आले."

तिला ते पटलं नाही, पण तिनं चहा ठेवला. चहा पिऊन मी तिथंच चटईवर आडवी झाले. उठले तर ऊन कलायला लागलं होतं. अंगावर तिनं तिचं लुगडं टाकलं होतं, आणि ती मघाच्याच जागी बसलेली होती.

"म्या मगापास्नं बघतीया उठवावं का," ती म्हणाली. "कुणाला आणाय-सोडायचं असंल तुला. नेहमी घाईत असतीस. येतीस आन् चावी हातातच ठेवतीस."

"आज कुणाला सोडायचं नाही."

"मग नीज की आणखी."

मी परत आडवी झाले, पण झोप लागली नाही. सासूबाईंचं काम संपलं तेव्हाच गाडीचं काम संपलं होतं. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण सीट कधी रिकामी राहिलीच नाही. क्लच, शॉकअप, पासिंग, ही सगळी कारणं खरी होती. पण उद्या कोरी गाडी दिली असती तरी मला तिच्यात बसायचा कंटाळा आला असता. इतकं सरळ होतं ते.

घरी पोचले तेव्हा यजमान गोठ्यातनं बाहेर आले. मी सात सीटरचं सांगितलं, तर त्यांना ती पसंतच पडली.

"घेऊन टाकू. सगळी बसतील. गुरुजींचं गुडघं दुखतात, पाय लांब करता येतील."

"चालवणार कोण?"

"कोण म्हंजे? तूच की."

मी भाकरीचं पीठ मळत होते. "मी दमलेय हो," मी म्हणाले. "सकाळी कचेरीच्या आधी पाच दारांपुढं थांबायचं, संध्याकाळी पाच ठिकाणांहून माणसं गोळा करायची. कुणाचं आटपलं नाही म्हणून थांबायचं. मला आता कुणाची वाट बघायची नाही आणि कुणी माझी बघायला नको."

यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"तू कधी बोलली न्हाईस," ते म्हणाले. "आईसाठी घेतलेली गाडी. आई गेली तवाच इकून टाकाय पायजे व्हती. मला वाटलं, तुला हौस हाय."

"होती."

"मग?"

"मग संपली."

त्यानंतर आम्ही त्यावर बोललो नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आंबवड्याच्या त्यांच्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला. त्याला शेतावरनं भाजी न्यायला जुनी गाडी हवी होती. तो आला, बॉनेट उघडून बघितलं, चक्कर मारली आणि पुढच्या आठवड्यात कागदपत्रं करून घेऊन गेला. आत्या अंगणात उभ्या राहून बघत होत्या. "नवी कवा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नवी नाही घेणार आत्या." त्या "बरं" म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं की नाही ते कळलं नाही.

भातकापणीच्या दिवसांत एकदा दुपारी ऑफिसात फोन आला. आत्यांच्या सुनेचा. "आत्याला घेरी आलीया शेतात. गाडी घिऊन येता का?" सवयीनं विचारलं तिनं. मी तिला अँब्युलन्सला फोन करायला सांगितलं आणि दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहिले. अँब्युलन्स यायला वेळ लागला. त्या वेळात मी स्वतःला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आत्यांना स्ट्रेचरवरून उतरवलं तेव्हा त्या शुद्धीत होत्या. बीपी वाढलं होतं, ऊन लागलं होतं. संध्याकाळपर्यंत उठून बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू कशाला खोळंबलीस? काम ऱ्हायलं आसंल."

नंतर लक्षात आलं की गाडी असती तरी ती माझ्यापाशी भोरला असती आणि आत्या हिर्डोशीत. त्या दिवशी काहीच वेगळं झालं नसतं. पण हे दवाखान्याच्या दारात सुचत नाही.

गुरुजी दोन-चार जणांना घेऊन डेपोत जाऊन आले. फाट्यावर रोज वीसेक माणसं उभी असतात, असं त्यांनी सांगितलं. दिवाळीनंतर सकाळची एसटी पुन्हा गावात यायला लागली. रोज नाही येत. ज्या दिवशी नाही येत त्या दिवशी फाट्यापर्यंत चालतो, आणि ज्याला त्याला आपापली वाट सापडते. मी उशिरा पोचले तर साहेब घड्याळाकडे बघतात. संध्याकाळी घरी पोचते तोवर दिवेलागण झालेली असते. पाय दुखतात. दमणं काही गेलं नाही, पण खिडकीपाशी जागा मिळाली की भोरपर्यंत मी डोळे मिटून घेते, आणि वाटेत कुणाला कुठं उतरायचं आहे याच्याशी माझा काही संबंध नसतो.

परवा जेवताना यांनी विचारलं, "एखादी बारकी घ्यायची का? दोघांपुरती. वेल्ह्याला जायला-यायला."

"बघू," मी म्हटलं आणि त्यांना आमटी वाढली.