किरकोळ फायलीतलं पत्र

मी सोलापूर सोडलं तेव्हा माझ्या बॅगेचं वजन बावीस किलो सातशे ग्रॅम होतं. बाबांनी ते कोपऱ्यावरच्या दुकानातल्या काट्यावर दोनदा करून घेतलं होतं. तेवीसच्या वर गेलं तर विमानतळावर चारचौघांत बॅग उघडावी लागेल, असं त्यांचं म्हणणं. एस.टी. स्टँडवर आई पदराने डोळे पुसत होती आणि बाबा फलकावरची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघत होते. गाडी हलली तशी ते खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "पोचलास की पोच दे." पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाचा मुलाला निरोप. मी मान हलवली. माझ्या मांडीवरच्या पिशवीत प्रमाणपत्रांच्या मध्ये एक पत्र होतं. ते मी त्यांच्या कपाटातून काढून घेतलं होतं आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

पत्र सापडून तेव्हा नऊ दिवस झाले होते. व्हिसासाठी जन्माचा मूळ दाखला हवा होता आणि बाबा बाजारात गेले होते, म्हणून मीच कपाट उघडलं. आत फायली ओळीने लावलेल्या: वीज, घरपट्टी, शाळा, औषधं. सगळ्यात शेवटी एक फाईल, तिच्यावर 'किरकोळ'. तिच्यात मिक्सरचं हमीपत्र आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका यांच्यामध्ये माझ्या नावाचं, सहा वर्षांपूर्वीचं पत्र होतं. भारतीय बेसबॉल संघाच्या सराव शिबिरासाठी माझी निवड झाली होती आणि अमुक तारखेला हजर व्हायचं होतं. उजव्या कोपऱ्यात बाबांच्या अक्षरात 'आवक', खाली तारीख आणि त्यांची छोटी सही. घरात येणाऱ्या प्रत्येक कागदावर ते तसं लिहायचे, दुधाच्या बिलावरसुद्धा. हात आपोआप जायचा. लपवायच्या पत्रावरही गेला. तारीख शिबिराच्या अकरा दिवस आधीची होती. सोलापुराहून देशात कुठेही पोचायला अकरा दिवस पुष्कळ होतात.

तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सोलापुरात बेसबॉल खेळणारे आम्ही फार तर चाळीस जण असू. धावणं, झेलणं यात मी सामान्य होतो. मला एकच गोष्ट यायची, चेंडू लांब मारणं. क्रिकेटमधल्या षटकारासारखा कुंपणापलीकडे चेंडू गेला की फलंदाज चारही टप्प्यांना फेरी मारून येतो, त्याला होमरन म्हणतात. त्या वर्षी आंतरविद्यापीठ स्पर्धेत मी पाच मारले होते. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "लांब मारून कुठं पोचणार आहेस?" आई म्हणायची, परीक्षा होऊ दे, मग बोलू. भारताच्या निवड चाचणीला जाऊन आलो, आणि त्या महिन्यात मी रोज संध्याकाळी घरात पाऊल टाकताच विचारायचो, काही आलं का. बाबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता सांगायचे, "तुझं काही नाही."

मला वाटलं, निवड झाली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा चाचणीला गेलो तेव्हा निवड करणाऱ्या सरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "महाराजांना यंदा सवड मिळाली वाटतं." बाकीचे हसले. का हसले ते मला कळलं नाही. चार चेंडू टाकून त्यांनी मला घरी पाठवलं. मी बॅट माळ्यावर टाकली, पदवी घेतली, पुण्यात नोकरी धरली. पत्र हातात आलं तेव्हा त्या हसण्याचा अर्थ लागला. भारताच्या शिबिराला बोलावूनही न येणारा माजोरडा पोरगा, अशी माझी ओळख झाली होती.

मी बाबांना काहीच बोललो नाही. भांडण दोन दिवसांत संपलं असतं आणि आईने दोघांना जेवायला बसवलं असतं. मला ते इतक्या स्वस्तात संपवायचं नव्हतं.

नोकरीसाठी जर्मनीत आलो, म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममध्ये मला खोली मिळाली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या गावात बेसबॉलचं मैदान दिसलं. तिथला प्रशिक्षक युर्गन आठवडाभर इलेक्ट्रिशियनचं काम करायचा. मी ऑफिसच्या बुटांतच बॅट मागितली. पाचेक वर्षांनी हातात बॅट होती. पहिले नऊ चेंडू चुकले, दहावा कुंपणावरून गेला. युर्गन म्हणाला, "नॉखमाल," म्हणजे पुन्हा एकदा. मग तो आणखी अकरा वेळा तेच म्हणाला. संध्याकाळी त्याने मला फेराइनचा, म्हणजे क्लबच्या सभासदत्वाचा अर्ज दिला. वर्षाला बारा तास मैदानाचं काम, गवत कापणं किंवा सॉसेज भाजणं, ही अट मी आधी वाचली आणि मग सही केली.

तिसऱ्या वर्षापासून क्लब मला खेळायचे पैसे देऊ लागला. मी कंपनीत टाइलत्साइट मागितलं, आठवड्याचे तीनच दिवस काम. साहेबांनी कारण विचारलं, मी सांगितलं, ते म्हणाले "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि कागद पुढे सरकवला. स्वतःच्या घरात मला जे सांगता येत नव्हतं, ते परक्या माणसाने असं मान्य केलं. कुंपणाबाहेर भाजीच्या बागा होत्या. तिथल्या एका आजींच्या काचघराच्या तीन काचा माझ्या चेंडूंनी फुटल्या आणि त्यांचं रागाचं पत्र क्लबमध्ये आलं. युर्गनने ते दारातल्या फलकावर सगळ्यांना दिसेल असं लावलं. पुढे तिथली जाळी सहा मीटरवरून अकरा मीटर केली, आणि मिटागसरूहे, म्हणजे दुपारी एक ते तीनची शांतता, असताना मला सरावबंदी झाली.

सतरा हंगामांत मी एकशे त्रेचाळीस होमरन मारले. पाचशे एकोणीस वेळा तीन चेंडू चुकवून बाद झालो आणि मान खाली घालून परतलो, तेही सांगायला हवं. लांब मारणाऱ्याचं असंच असतं. त्या एकशे त्रेचाळीस वेळा फेरी पुरी करताना, शेवटच्या टप्प्यावर पाय ठेवताना, मी मनात एकच शब्द म्हणायचो: किरकोळ. लोक टाळ्या वाजवायचे, मी हसायचो, आणि मला सोलापुरातलं ते कपाट दिसायचं.

आणि यातलं काहीही मी घरी कळू दिलं नाही. बाबांनी एक पत्र दाबलं, मी सतरा हंगाम दाबले. रविवारी फोन केला की तब्येत, हवा, कंपनी. बाबा गल्लीत सांगायचे, मुलगा जर्मनीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. तेवढंच त्यांना सांगता यावं, त्याच्या वर एक अक्षरही नाही, याची मी काळजी घेतली. लग्नानंतर मृणाललाही, म्हणजे माझ्या बायकोलाही, यात ओढलं. ती एकदा वैतागून म्हणाली, "सासऱ्यांशी खोटं बोलायची नोकरी मी कधी धरली?" आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिला माहीत न होताच गेली. हे कलम माझ्या नावावर आहे आणि मी ते बाबांच्या नावावर ढकलत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी बाबांना तीन महिन्यांसाठी बोलावलं. मृणालला वाटलं, आईमागे ते एकटे पडले म्हणून. मी क्लबचं वेळापत्रक समोर ठेवून तिकीट काढलं होतं. तो माझा शेवटचा हंगाम होता. मी चव्वेचाळीसचा झालो होतो आणि गुडघा बोलायला लागला होता. त्यांच्या देखत एक मारायचा, मग पत्र हातात द्यायचं, आणि त्यांच्या तोंडून ऐकायचं की मी तुला ओळखलं नाही, माझं चुकलं. मला एवढंच हवं होतं. त्याच्यासाठी मी सतरा वर्षं थांबलो होतो.

पहिल्या रविवारी त्यांना गाडीत बसवलं आणि मैदानावर नेलं. हे काय आहे, तू इथं काय करतोस, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बघा. त्यांना उन्हाच्या बाजूच्या बाकावर बसवलं. सावलीत जागा होती, तरी. त्या दिवशी मी तीनदा तीन चेंडू चुकवून परतलो. दुसऱ्या रविवारी त्यांनी खिशातून टपालाचं जुनं पाकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर रेघा मारायला सुरुवात केली. घरी आल्यावर म्हणाले, "सात वेळा उभा राहिलास, चार वेळा फुकट." आकडा बरोबर होता. मला बॅट फेकावीशी वाटली.

तिसऱ्या रविवारी, त्या दिवसाच्या दुसऱ्या सामन्यात, चेंडू बॅटच्या मधोमध बसला. हाताला काही जाणवत नाही तेव्हा तो लांब जातो. अकरा मीटरची जाळी ओलांडून तो बागांमध्ये गेला. लोक उभे राहिले, भोंग्यावरून माझं आडनाव घेतलं गेलं. फेरी मारताना मी बाकाकडे बघितलं. बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला आणि पाकिटावर रेघ मारली.

सामना संपला, पोरं मैदानावर ताडपत्री ओढत होती. मी बाबांच्या शेजारी बसलो आणि पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मजकूर वाचला नाही. थेट उजव्या कोपऱ्यात बघितलं.

"अक्षर माझंच," ते म्हणाले. "जाताना नेलंस."

मी हो म्हणालो. मग इतकी वर्षं गाडी चालवताना जुळवलेली वाक्यं बाहेर आली. मी रोज विचारत होतो, काही आलं का. तुम्ही रोज सांगत होतात, तुझं काही नाही. अकरा दिवस.

"बारा," बाबा म्हणाले. "आलं त्या दिवशीही विचारलं होतंस."

मी म्हणालो, तुम्हाला वाटलं मी तोंडावर आपटेन, नाव घालवीन, म्हणून तुम्ही ते दाबलंत. बाबांनी नकारार्थी मान हलवली.

"आपटशील असं वाटलं असतं तर स्वतः गाडीत बसवून दिलं असतं. पंधरा दिवसांत परत येऊन अभ्यासाला लागला असतास. एकदा ऑफिसला जाताना सायकल थांबवून बघितलं होतं तुला. चेंडू शोधायला तीन पोरं गेली, पोरं परत आली, चेंडू नाही आला. तू निवडला जाणार हे मला ठाऊक होतं. म्हणून ठेवलं."

चुकलं असं वाटतं का, मी विचारलं. घरात एकट्याचा पगार होता, ते म्हणाले. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तसंच करीन.

घरी जेवायला बसल्यावर मी त्यांना म्हणालो, बाबा, मघाशी बोललात ते यांच्यासमोर बोला. मृणाल म्हणाली, "राहू दे ना रे, दमलेत ते." मी राहू दिलं नाही. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि सगळं त्याच क्रमाने, एक शब्द न गाळता पुन्हा सांगितलं, ऑफिसात टिपणी वाचून दाखवावी तसं. माझी मुलगी सई पंधरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. ती म्हणाली, हा दुष्टपणा आहे. ते म्हणताना ती आजोबांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

गाव सोडून आलेल्यांपैकी पुष्कळांच्या बॅगेत असं काहीतरी असतं, हे मला इथल्या मराठी मंडळींत बसून कळलं आहे. कुणाला तरी दाखवून द्यायचं असतं. मीही तेच करत होतो. फरक एवढाच की मी ज्याला पटवत होतो त्याला ते माझ्या आधीपासून पटलेलं होतं. मैदानावरच्या कुणालाही माझी ताकद कळायच्या आधी ती बाबांना कळली होती, आणि कळली म्हणूनच त्यांनी ती कपाटात ठेवली. न ओळखणाऱ्या बापावर मी सतरा वर्षं रागावलो होतो. ओळखणाऱ्या बापावर किती वर्षं रागवायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पहिल्यापेक्षा कमी नक्कीच नाही.

कुणी विचारलं, तुझं घर कुठलं, तर मी आता सोलापूर असंच सांगतो. तिथे मला काहीच सिद्ध करावं लागणार नव्हतं, आणि तिथेच मला थांबता आलं नाही. बाबा परत गेले आहेत, एकटेच राहतात. मी दर रविवारी फोन करतो. अमुक हंगामात किती वेळा उभा राहिलास, किती मारलेस, हे ते आता विचारतात आणि मी खरे आकडे सांगतो. माफ केलं, असं मी म्हणालेलो नाही. त्यांनी मागितलेलंही नाही.