खडेमामांची म्हातारी

खडेमामांच्या घरात म्हाताऱ्या दोन, असं गल्ली थट्टेनं म्हणायची. एक मामी, दुसरी कपाटातली. मामा दगडाच्या खाणीत सुरुंग लावायचे. ती खाण खडीपेक्षा तिथल्या स्फटिकांसाठीच जास्त नावाजलेली. खडक फुटला की आत कधी कधी पोकळी निघते आणि नशीब असेल तर तिच्यात पांढऱ्या केसांचा गोळा बसलेला असतो. दिसायला कापूस, पण अस्सल दगडच हो! खाणीतली माणसं त्याला म्हातारी म्हणतात. केस इतके नाजूक, की बोट लागलं की चिकटलेच, संपला कारभार. मामांना मिळालेली म्हातारी मुठीएवढी, एक केस न मोडलेली. त्यांनी स्वतः तिला कधी बोट लावलं नाही, मग दुसऱ्याची काय बिशाद!

आता संग्रहालयाच्या बाई ती न्यायला येणार होत्या. तिथं तिच्याखालच्या पाटीवर मामांचं नाव लागणार होतं. जन्मभर दगड फोडले, एकदा कुठंतरी नाव लागावं, एवढीच त्या माणसाची हौस. त्या सकाळी स्वारी दाढी करायला गेली आणि इकडे मामींना म्हातारीवर धूळ दिसली. परकी बाई घरात येणार, धूळ बघून नावं कुणाला ठेवणार? मामींनाच! त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि अगदी मायेनं तिला पुसून काढलं.

मामा परतले तेव्हा केसांचा लगदा झाला होता. मामींच्या हातात ओलं फडकं अजून तसंच होतं. तेवढ्यात बाई आल्याच. गोळा पाहून त्यांचा चेहरा उतरला. कुणाचा हात लागला, असं त्यांनी विचारलं.

“माझाच,” मामा म्हणाले.

बाई हळहळल्या, आता ही ठेवता यायची नाही म्हणाल्या आणि गेल्या. मामींना ते सोसवेना. मला चार शिव्या घाला पण असं गप्प बसू नका, म्हणून त्या रडायला लागल्या. मामांना राग आला नव्हता असं कोण म्हणेल? पण ते त्या लगद्याकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं,

“हाताला कशी लागली गं?”

मामींनी पदरानं डोळे टिपले.

“आपली पोरगी झाली तेव्हा तिची टाळू कशी लागायची? तश्शी.”