बाबा ज्वालामुखी बघायला आले

कुठल्याही लग्नाला गेलं की बाबा नवरानवरीकडे नंतर बघत, आधी बाहेर पडायची दारं शोधत. पेणला माझ्या चुलतभावाच्या लग्नात त्यांनी हॉलच्या मॅनेजरला गाठून विचारलं होतं, "सायरन झाला तर पब्लिकने जमायचं कुठं?" मॅनेजरला वाटलं, वरपक्षाकडचं कुणीतरी टिंगल करतंय. बाबा मात्र अगदी गंभीर होते. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ते प्लँट ऑपरेटर. उभी हयात शिफ्ट करण्यात गेलेली, त्यामुळे जग म्हणजे एक मोठा प्लँट आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. त्याचा मेंटेनन्स कुणी नीट करत नाही, एवढीच तक्रार.

दुसरी सवय घरातली. रोह्याजवळच्या निडी गावात आमचं घर. तिथे पाऊल टाकलं की बूट काढायच्या आधी ते मोठ्याने म्हणत, "वा! काय वास सुटलाय!" आई म्हणे, "अहो, अजून गॅस पेटवला नाय." त्यावर "मग तुझ्या हातालाच असंल" हे उत्तर तयार. आम्ही हसायचो. नाकाचा त्यांना भारी अभिमान होता. कुठला वॉल्व्ह पाझरतोय हे मीटरच्या आधी त्यांना कळतं, असं त्यांच्या शिफ्टची माणसं घरी येऊन सांगत. "मीटर झोपंल, नाक झोपत नाय," असं बाबा त्यावर म्हणत आणि चहाचा आणखी एक कप मागत.

मी शिकायला जपानात, क्यूशू बेटावर होते. दुसऱ्या वर्षी बाबा रजा टाकून मला भेटायला आले. आईला गुडघ्यांमुळे इतका प्रवास झेपला नसता, तिने पोह्याचे पापड पाठवले. एका रविवारी मी बाबांना बसने आसोला नेलं. आसो हा जिवंत ज्वालामुखी. बाबा तोंडात बोट घालतील असं मला वाटलं होतं. पण वर पोचल्यावर दम्याच्या रोग्यांना मनाई करणारी पाटी, गॅस मोजणारी यंत्रं, हेल्मेटवाले रखवालदार आणि धोका झाला तर शिरायचे काँक्रीटचे निवारे बघून ते एकदम कामावर आल्यासारखे खुलले. "बघ गो, हितं जमायचं," म्हणत त्यांनी मला निवारा दाखवला. एका रखवालदाराला चक्क सलाम ठोकला. तोही बिचारा कमरेत वाकला.

आम्ही विवराच्या कठड्याशी उभे राहिलो. खोल खाली हिरवट पाणी खदखदत होतं आणि त्यातून पांढरी वाफ वर येत होती. एवढ्यात वारा फिरला आणि सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला की सगळ्यांचे रुमाल नाकाला लागले. बाबा कठड्यावर हात टेकून निवांत खाली बघत होते.

"बाबा, वास!" मी म्हटलं.

"कसला?"

मग त्यांनी माझा रुमाल बघितला, बाकीच्यांचे बघितले, आणि घाईने खिशातून आपला काढला. "व्हय व्हय, जाम उग्र हाय," म्हणाले. भपकारा ओसरून सगळ्यांचे रुमाल खिशात गेले, तरी त्यांचा नाकावरच होता.

उतरताना बस पायथ्याच्या गावात थांबली. भाताची कापणी झाली होती, बांबूंवर पेंढा वाळत घातला होता, पलीकडच्या कुरणात तांबूस गाई चरत होत्या. बाबांनी मूठभर पेंढा उचलून नाकाशी नेला. "आपल्यासारखाच वास गो."

"नका ना, बाबा," मी म्हटलं.

ते बांधावर बसले.

"कोरोनात वास गेला," ते म्हणाले. "तुझ्या आईचा आला परत. माझा आलाच नाय."

"कंपनीत सांगितलंत?"

"सांगितलं की प्लँटमधून काढून गेटवर बसवतील. गाड्यांचे नंबर लिहीत. रिटायर व्हायला थोडंच ऱ्हायलंय. निघून जाईल."

"आणि गॅस सुटला तर?"

"मीटर हायत की."

मी भडकलेच. म्हटलं, "शिफ्टची माणसं मीटरकडे बघतात की तुमच्याकडे? त्यांच्याही घरी मुलं आहेत, बाबा."

बाबांनी पेंढ्याची काडी बारीक बारीक मोडली. "सगळी माझ्या नाकाचं कौतुक करतात गो," एवढंच म्हणाले. परतीच्या बसमध्ये जगाच्या मेंटेनन्सबद्दल त्यांच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही.

त्यानंतर ते घरी परत जाईपर्यंत आम्ही फक्त हवापाण्याचं बोललो. विमानतळावर त्यांनी माझं डोकं जवळ घेतलं आणि हुंगलं. लहानपणी रात्रपाळीहून आले की मी झोपलेली असताना माझं डोकं ते असंच हुंगायचे, असं आई सांगते. ते क्षणभर तसेच थांबले. "नाय येत गो," म्हणाले, "तुझा पण नाय येत." मला रडू आवरलं नाही. त्यांनी बॅग उचलली आणि मागे न बघता आत गेले. बाबांवर माझं किती प्रेम आहे, ते मला त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघताना कळलं.

पुढच्याच आठवड्यात आईने फोनवर सांगितलं की बाबांना गेटवर घेतलंय. तिथूनच ते रिटायर झाले. त्या विषयावर ते माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

बाबा गेल्या वर्षी गेले. दिवसकार्याला त्यांच्या शिफ्टचा एक जोडीदार आला होता. तो म्हणाला, "जपानहून आले आन् साहेबाकडं जायच्या आधी आमच्याकडं आले. म्हणाले, माझ्या भरवशावर ऱ्हाऊ नका, मला वास येत नाय. कधीपास्नं, तेपण सांगितलं. आम्ही जाम शिव्या घातल्या त्यांना, ताई. लय दिवस बोललो नाय."

त्याने ताटातलं थोडं खाल्लं.

"मग घरी एकदा इचार केला. मी असतो ना त्यांच्या जागी, तर मी नसतं सांगितलं."