एकच शिट्टी

आधीच सांगते, मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. या सदरातले गूढ अनुभव मी आजवर चहाबरोबर हसत हसत वाचत आले... आज माझाच लिहितेय. हसलात तरी चालेल.

आम्ही छत्रपती संभाजीनगरचे. धाकटा भाऊ सुमेध बिडकीनजवळ एका कंपनीत होता, आणि सुट्टी मिळाली की डोंगरात. घरी येताना गल्लीच्या तोंडाशी दोन शिट्ट्या, घरातून निघाला की तिथूनच एक. दोन ऐकल्या की माय कडी काढायला उठायची — "आला बघ आपला कुकर!"

दोन वर्षांपूर्वी तो सिक्कीममध्ये ट्रेकला गेला आणि धुक्यात, दरीकाठच्या वाटेवरून नाहीसा झाला. शोधणारे थकले. काहीच हाती लागलं नाही. माय मात्र हटून बसली. निघाला त्या दिवशी रिक्षा थेट दारात आली होती, गडबडीत त्यानं शिट्टी वाजवलीच नव्हती. "न सांगता जाणारं लेकरू नाय ते माझं. येतंय बघ." गेलेल्या माणसासाठी करतात त्या जलदान विधीचं नाव काढू देईना. रात्री दाराला कडी लावू देईना. मला तिचा रागही यायचा आणि रडूही यायचं.

शेवटी या उन्हाळ्यात तिच्या हट्टापायी आम्ही दोघी तिथं गेलो. जंगलातून चढण, वर छोटासा मठ. सोबत गावातला वाटाड्या पासांग. माय गुडघ्यांनी बेजार, दर वळणावर बसायची, पण परत फिरू म्हटलं की माझ्यावरच डाफरायची. मठात तिनं दिवा लावला, त्रिसरण-पंचशील म्हटलं. तिथल्या म्हाताऱ्या लामांना आपली चाल नवीन असावी, पण हात जोडून ऐकत राहिले.

उतरताना धुकं आलं. सुमेध दिसेनासा झाला ती जागा पासांगनं दाखवली. भरदुपार, तरी समोरचं झाड दिसेना. आणि दरीच्या अंगानं शिट्टी आली...

एकच. लांबलचक, शेवटाला जराशी वर चढणारी. त्याचीच.

मी दुसरीची वाट पाहिली. जीव कानात आणून पाहिली. आली नाही.

"उधर कौन गया?" पासांग दरीकडे बघत म्हणाला. "नीचे तो रास्ता ही नहीं है." म्हणजे त्यालाही ऐकू आली होती.

माय दरीकडे तोंड करून उभी होती. रडली नाही. "व्हय रं बाबा, ऐकलं. जा आता. सावकाश जा." मग माझा हात धरला. "चल. घरी गेल्यावर भंतेजींना बोलाव."

पाखरू असेल म्हणून मी तिकडच्या पक्ष्यांची रेकॉर्डिंग्ज ऐकली. एकही जुळत नाही. वारा म्हणावं, तर त्या दुपारी पान हलत नव्हतं.

जलदान विधी झाला. आता माय स्वतः कडी लावते आणि शांत झोपते.

तिचा डोळा लागला की मी उठते, आणि कडी काढून ठेवते.