एका दिवसाचाही फरक नाही

सणसरचा बुद्धघोष साखर कारखान्यात कॉम्प्युटरवर ऊसवजनाचा प्रोग्राम लिहायला लागला, ते साल १९९७. त्याचे साहेब भारी शिस्तीचे. वर्षभराच्या कामाचा तक्ता त्यांनी पहिल्याच दिवशी सही-शिक्क्यासह भिंतीला लावला. वजनकाट्यावरच्या माणसाला प्रोग्राम दाखवायचा तो थेट शेवटच्या आठवड्यात. त्याआधी त्या बिचाऱ्याला कशाला त्रास?

बुद्धघोष मात्र दर शनिवारी झालं तेवढं काम घेऊन काट्यावरच्या सावळारामतात्यांकडं जायचा.

"आरं, बैलगाडी आन् ट्रॅक्टर एकाच रांगंत व्हय? गाडीवान बडवतील मला!" तात्या खेकसायचे.

बुद्धघोष निमूटपणे प्रोग्राम बदलायचा आणि सोमवारी तक्त्यावर व्हाइटनर फासून पुढचं काम नव्यानं लिहायचा. साहेब रोज तक्त्याकडं अभिमानानं बघायचे. वाचायचे मात्र नाहीत.

हंगामाच्या पहिल्याच दिवशी प्रोग्राम बिनबोभाट चालला. शाल-श्रीफळ अर्थातच साहेबांना.

"आधी आखलं तसंच केलं. एका दिवसाचाही फरक नाही!" तक्त्याकडं बोट दाखवत साहेब म्हणाले. तात्यांनी बुद्धघोषकडं बघत टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षीच्या तक्त्यासाठी साहेबांनी सामानाची यादी मागितली. बुद्धघोषनं एकच ओळ लिहिली: व्हाइटनर, एक डझन बाटल्या.

साहेबांनी न वाचता सही केली.