खिडकीत विटलेला जॅम

वारज्यातील आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या सुशीलाबाई वाघमारे यांनी फळप्रक्रियेच्या कारखान्यात तेवीस वर्षे काढली. शिक्षण सातवीपर्यंत, परंतु नोंदी ठेवण्याची जी शिस्त मी, कॉलेजात शिकवणारा माणूस, पदवीधरांमध्ये आयुष्यभर शोधली, ती मला त्यांच्या स्वयंपाकघरात सापडली. निवृत्तीनंतर दर फेब्रुवारीत त्या स्ट्रॉबेरीचा जॅम करू लागल्या. फळ, साखर आणि लिंबाचा रस. चौथी वस्तू नाही. कारखान्यातील रीतीप्रमाणे प्रत्येक खेपेची एक बाटली तारीख लिहून, नमुना म्हणून लोखंडी कपाटात ठेवायची, हा त्यांचा नेम.

हा जॅम त्या चौकातील दुकानात विकायला देत. यंदा मे महिन्यात त्या दुकानापाशी त्या थबकल्या. पश्चिमेच्या काचेच्या खिडकीत त्यांच्या बाटल्या मांडल्या होत्या. आतला जॅम विटकरी पडला होता आणि वर पाटी होती : 'जुना माल, स्वस्तात'. बाटल्यांवर बाईंचे नाव ठळक छापलेले. या नावाखेरीज त्यांच्याजवळ दुसरी जाहिरात नव्हती, आणि ते नाव आता शिळ्या मालाच्या पाटीखाली उभे होते.

त्या घरी परतल्या, त्याच खेपेची नमुन्याची बाटली घेतली आणि पुन्हा दुकानात गेल्या. मीही सोबत गेलो.

"बघा, मच्छिंद्रशेठ. तारीख तीच, फळ तेच. ही लाल का आणि तुमची अशी का?"

"अहो बाई, मला काय विचारता? गिऱ्हाईक विचारतं, हा जॅम आहे की च्यवनप्राश?"

"च्यवनप्राशसुद्धा कोणी तीन महिने उन्हात मांडून ठेवत नाही. आत सावलीत ठेवा म्हणून मी प्रत्येक खेपेला सांगितलं होतं."

"आत ठेवलेलं दिसत नाही, आणि न दिसलेलं खपत नाही. थोडा रंग टाका की! परवानगी आहे त्याला."

"परवानगी आहे, गरज नाही."

"मग खिडकीत जागाही नाही."

फळाचा लाल रंग हा नाजूक पदार्थ आहे. उष्णता आणि उजेड यांनी तो तुटतो. साखर आणि आंबटपणा जॅम नासू देत नाहीत, परंतु रंगाला उन्हातून वाचवू शकत नाहीत. हे मी शेठना समजावू लागलो. "आजोबा, तुमचं कॉलेज सुटलं," ते म्हणाले. दोन गिऱ्हाइके हसली. फळाचा रंग ज्याने उन्हात जाळला तो शहाणा ठरला, आणि जिने जपला ती जुन्या मालाची धनीण!

बाईंनी वाद वाढवला नाही. एकोणीसच्या एकोणीस बाटल्या पिशव्यांत भरल्या आणि दुकान सोडले ते कायमचे. त्या बाटल्या आम्ही इमारतीतल्या मंडळींनी संपवल्या. स्वाद किंचित उतरला होता. बाकी काहीही बिघडले नव्हते.

आता त्या केवळ घरून देतात, तेही मेअखेरपर्यंतच. कपाटातील नमुन्यांवरून तेवढी मुदत त्यांनी स्वतःच ठरवली आहे. गेल्या आठवड्यात मी एक बाटली मागितली, तर सरळ नकार मिळाला.

"आता नाही, सर. रंग उतरलाय. फेब्रुवारीत या."

"मला चालेल हो."

"तुम्हाला चालेल. माझं नाव आहे त्याच्यावर."

चौकातील त्या खिडकीत आता दुसरा जॅम आहे. जूनपासून तेच ऊन खात तो जसाच्या तसा लालभडक आहे, आणि ते कसे काय, असे त्या दुकानात एकाही माणसाने विचारलेले नाही.